मुलीला सॉफ्टबॉलची फेक शिकविताना

खेळाच्या तासाला मुलगे चेंडू फेकतात आणि मुली तो वेचून आणून देतात, हे दृश्य आपल्या शाळांच्या पटांगणांवरून अद्याप पुरते नाहीसे झालेले नाही. सॉफ्टबॉल हा खेळ या बाबतीत शिक्षकाच्या विशेष उपयोगाचा आहे. या खेळात प्रत्येक डावाची सुरुवात फेकणाऱ्या मुलीच्या हातून होते. ती चेंडू सोडीपर्यंत मैदानावरील इतर सर्वजण तिच्याकडे पाहत थांबतात. अशी जबाबदारी दहा वर्षांच्या मुलीवर सोपविली म्हणजे तिच्या चालण्याबोलण्यात पडणारा फरक वर्गातही दिसून येतो.

परंतु ही फेक चुकीच्या रीतीने शिकविली गेली तर तिचे दुष्परिणाम खांद्यावर होतात. म्हणून ती कशी बनते, कोणत्या क्रमाने शिकवावी आणि घरी सराव घेणाऱ्या पालकाला शिक्षकाने काय सांगावे, याचा येथे विचार केला आहे.

खेळाची थोडक्यात ओळख

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, बंद दालनात खेळावयाचा बेसबॉल म्हणून झाला. त्याला सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये मिळाले. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाली. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६७ मध्ये जोधपूर येथे भरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सॉफ्टबॉल १९९६ पासून २००८ पर्यंत होता. पुढे तो टोकियोच्या स्पर्धेत, म्हणजे २०२१ मध्ये, पुन्हा खेळविला गेला. आपल्या राज्यात शालेय क्रीडास्पर्धांमुळे हा खेळ अनेक जिल्ह्यांतील मुलींपर्यंत पोहोचला आहे.

संघात नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणारीस पिचर, तिच्यासमोर बसून तो झेलणारीस कॅचर आणि बॅट घेऊन उभी राहणारीस बॅटर म्हणतात. मोठ्या स्त्रियांच्या सामन्यात पिचर उभी राहते ती पाटी होम प्लेटपासून ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर अंतरावर असते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. लहान मुलींना अर्थातच इतके अंतर द्यावयाचे नाही. दहा वर्षांच्या आतील मुलींसाठी ३५ फूट पुष्कळ झाले.

सॉफ्टबॉलची फेक खालून करावयाची असते. चेंडू सुटताना हात कमरेखाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर गेलेले नसावे, असा नियम आहे. वेगवान फेकीत हात समोरून वर, डोक्यावरून मागे आणि मागून पुन्हा खाली असे पूर्ण वर्तुळ काढतो. यावरूनच तिला विंडमिल, म्हणजे पवनचक्की, असे नाव पडले.

तुर्भ्याचे उदाहरण

तुर्भे हे एके काळी ठाणे खाडीच्या काठचे गाव होते. आज ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधल्या पट्ट्यात कारखाने, ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे व घाऊक बाजारपेठ अशी तेथील रचना आहे. बाजाराच्या आवारात कांदा, बटाटा व धान्य यांची पोती पाठीवर वाहणारे माथाडी कामगार काम करतात. त्यांतील कित्येक कुटुंबे सातारा व आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली आहेत.

समजा, अशा एका कामगाराची दहा वर्षांची मुलगी शाळेच्या संघात पिचर म्हणून निवडली गेली. वडील पहाटे कामावर जातात आणि दुपारनंतर मोकळे होतात. मुलीला शिकविण्याची त्यांना हौस आहे; पण त्यांनी लहानपणी क्रिकेट खेळले आहे, सॉफ्टबॉल कधी पाहिलेला नाही. चाळीसमोर मैदान नाही. गोदामाच्या भिंतीलगत एक अरुंद मोकळी पट्टी तेवढी आहे. सायंकाळी वडील समोर उभे राहतात आणि सांगतात, “पोरी, जोरात टाक!” मुलगी सारे बळ खांद्यात आणून चेंडू भिरकावते. चेंडू कधी आकाशात जातो, कधी जमिनीवर आपटतो. वडील पुन्हा म्हणतात, “अजून जोरात!” आठवड्याने मुलीचा खांदा दुखू लागतो. ती ते कोणालाच सांगत नाही; कारण सांगितले तर खेळ बंद होईल, ही तिला भीती असते.

या घटनेत वाईट हेतू कोणाचाच नाही. वडिलांचा वेळ आणि मुलीची इच्छा या दोन्ही गोष्टी शाळेला सहजासहजी न लाभणाऱ्या आहेत. उणीव आहे ती केवळ क्रमाची. वेग ही शेवटची पायरी असता ती पहिली म्हणून मागितली गेली. शिक्षकाने नेमके येथेच लक्ष घालावयाचे आहे.

बळ येते कोठून

आश्चर्याची गोष्ट अशी की, या वडिलांना मुख्य तत्त्व आधीच ठाऊक असते. पोते उचलताना जाणता हमाल पाठीने ओढीत नाही; तो गुडघे वाकवितो, पाय रोवतो आणि पायांच्या बळावर उठतो. जो नवखा हाताने व पाठीने जोर करतो, त्याची कंबर लवकर जाते. फेकीचेही असेच आहे. बळ जमिनीला दिलेल्या रेट्यातून पायांत, पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी हातात व बोटांत उतरते. हात हा या साखळीचा शेवटचा दुवा होय. मागचे दुवे सैल राहिले की सारा भार त्या एका दुव्यावर पडतो.

शेतकऱ्याच्या मुलांना गोफणीवरून ही गोष्ट चटकन समजते. गोफण गरगर फिरते ती मनगटाच्या दांडगाईने नव्हे. दगड लांब जातो तो दोरी योग्य क्षणी सुटल्यामुळे. पिचरचा हातही गोफणीच्या दोरीसारखा सैल असावा. कोपर ताठ करून काठीसारखा फिरविलेला हात वेगही देत नाही आणि नेमही देत नाही.

फेकीची पाच अंगे

पुढील वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीस अनुसरून केले आहे. डावखुऱ्या मुलीसाठी बाजू उलट समजाव्यात. तिचा हात बदलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

पहिले अंग पकड. चेंडू तळहातात गच्च दाबू नये. तो बोटांच्या पेरांवर धरावा आणि तळव्यापाशी थोडी पोकळी राहावी. बोटे चेंडूच्या शिवणीवर आडवी आली म्हणजे सुटताना पकड निसटत नाही. मोठ्या चेंडूचा घेर १२ इंच असतो. लहान हातासाठी ११ इंची चेंडू घ्यावा. तरीही हात अपुरा पडल्यास दोहोंऐवजी तीन बोटे शिवणीवर ठेवण्यास हरकत नाही.

दुसरे अंग उभे राहणे. दोन्ही पाय पाटीला टेकलेले, खांदे होम प्लेटकडे, गुडघे किंचित सैल आणि दृष्टी कॅचरच्या हातमोज्यावर. फेकीपूर्वी क्षणभर निश्चल थांबण्याची सवय आरंभापासून लावावी.

तिसरे अंग पाऊल. उजव्या पायाने पाटीला रेटा देऊन डावा पाय सरळ कॅचरच्या दिशेने पुढे टाकावा. पाय पुढे जात असताना शरीर उजवीकडे वळून दार उघडावे तसे उघडते आणि हात वर चढतो. पुढचा पाय टेकतो त्या वेळी हात डोक्यावर येऊन मागच्या बाजूने उतरू लागलेला असतो. हा पुढचा पाय घट्ट राहिला पाहिजे. तो ढासळला तर मागून आलेले बळ वाया जाते.

चौथे अंग वर्तुळ. हात शरीराच्या अगदी जवळून, एकाच उभ्या रेषेत फिरावा. मुलीला भिंतीलगत, फेकीचा हात भिंतीकडे करून, वीतभर अंतरावर उभे करावे आणि चेंडूशिवाय सावकाश हात फिरविण्यास सांगावे. हात भिंतीला घासला तर वर्तुळ वाकडे आहे हे तिचे तिलाच कळते. कोणी ओरडून सांगण्याची गरज उरत नाही.

पाचवे अंग सोडणे. हात खाली येताना आधी दंड बरगड्यांजवळ येतो. मग कोपरापुढील हाताची आतली बाजू कमरेला ओझरती स्पर्शून पुढे जाते आणि चेंडू बोटांतून निसटतो. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड उडविताना कोपराजवळ आखडलेला हात एकदम चाबकासारखा सुटतो. तीच जाणीव येथे हवी. मनगट मुद्दाम झटकू नये, ते सैल ठेवावे म्हणजे आपोआप फिरते. चेंडू गेल्यावर हात ओढून वर नेण्याचा हट्ट धरू नये. तो सहज पुढे जाऊन थांबू द्यावा.

शिकविण्याचा क्रम

पुस्तकी वर्णनात पकडीपासून सोडण्यापर्यंतचा क्रम येतो. शिकविताना मात्र शेवटाकडून आरंभाकडे यावे. जे अंग सर्वांत शेवटी घडते व ज्यावर नेम अवलंबून असतो, ते आधी पक्के करावे.

पहिल्या आठवड्यात मुलीने भिंतीपासून तीन पावलांवर, शरीर उजवीकडे वळवून उभे राहावे. हात खाली लोंबता ठेवून, वर्तुळ न काढता, केवळ कोपरापुढील हाताने चेंडू भिंतीवर टाकावा. जागा अपुरी असली तरी हा सराव होतो. चेंडू नसल्यास जुन्या मोज्यांत चिंध्या भरून शिवलेला चेंडू चालतो. तो भिंतीवरून परत उसळत नाही आणि कोणाच्या खिडकीची काचही फोडत नाही.

दुसऱ्या पायरीत हात डोक्यावर सरळ धरून तेथून खाली आणावा, म्हणजे अर्धे वर्तुळ होते. तिसऱ्या पायरीत जागच्या जागी पूर्ण वर्तुळ. चौथ्या पायरीत पाऊल जोडावे. पाऊल व वर्तुळ यांचा मेळ बसण्यास वेळ लागतो. या ठिकाणी चार आठवडेही गेले तरी घाई करू नये. पाचव्या पायरीत अंतर वाढवावे. आरंभी पाच मीटर, दहापैकी सहा-सात चेंडू कॅचरच्या हातमोज्याजवळ जाऊ लागले की सात मीटर, आणि अशा रीतीने सुमारे साडेदहा मीटर, म्हणजे ३५ फुटांपर्यंत यावे. वेग वाढविण्याचा विचार त्यानंतर.

प्रत्येक पायरीनंतर मागची पायरी सोडावयाची नाही. उजळणी जशी पाठांतराला, तशी भिंतीजवळची फेक पिचरला. मोठ्या खेळाडूही सरावाची सुरुवात याच जवळच्या फेकीने करतात.

चूक ओळखावी कशी

चेंडू कोठे गेला यावरून चूक कोठे झाली हे बरेचसे ओळखता येते. चेंडू फार उंच गेला तर तो उशिरा सुटला, कारण हात वर चढू लागल्यावर बोटे उघडली. जमिनीवर आपटला तर तो लवकर सुटला, कारण हात अजून खाली येत होता. चेंडू उजवी-डावीकडे जात असेल तर वर्तुळ वाकडे आहे किंवा पाऊल सरळ पडत नाही. पाऊल तपासण्यासाठी पाटीपासून होम प्लेटकडे खडूने किंवा फक्कीने एक रेघ ओढावी आणि पाय तिच्यावर पडतो का ते पाहावे.

हे कारण मुलीलाच शोधू द्यावे. “बाबा, आज चेंडू सारखा वरच जातोय,” असे तिने म्हटले, तर “हात कुठं सुटतोय, ते बघ बरं,” एवढेच वडिलांनी म्हणावे. ज्या मुलीला स्वतःची चूक ओळखता येते, तिला सामन्यात बाहेरून कोणी सांगण्याची वाट पाहावी लागत नाही. एका दिवशी एकच चूक सुधारावी. पाय, कोपर, मनगट, डोके असे सर्व एकदम सांगितले तर मुलगी गोंधळते आणि धड काहीच करीत नाही.

मोजदाद आणि विश्रांती

खालून फेकल्यामुळे खांद्याला त्रास होत नाही, असा समज पूर्वी सर्वत्र होता. वेगवान विंडमिल फेकीत खांद्यावर येणारा ताण वरून केलेल्या फेकीच्या तोडीचा असतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून फेकी मोजणे हे सरावाचे अविभाज्य अंग होय. आठ ते दहा वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ५० च्या आसपास फेकी कराव्यात, अशी मर्यादा अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी सुचविलेली आहे. नवशिकीने घरच्या सरावात पूर्ण जोराच्या फेकी ३० ते ४० च्या वर नेऊ नयेत आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी खांद्याला सुट्टी द्यावी.

मोजण्यासाठी वर्गातले साधन पुरेसे आहे. एका डब्यात ४० चिंचोके घालावेत. प्रत्येक फेकीबरोबर एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकावा. पहिला डबा रिकामा झाला की सराव संपला. मग मुलगी “अजून एक” म्हणो वा वडील म्हणोत.

जपानची पिचर युकिको उएनो हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ फेकी केल्या आणि आपल्या देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. ही कथा मुलींना जरूर सांगावी. परंतु ती पूर्ण वाढलेल्या, वर्षानुवर्षे घडविलेल्या शरीराची कथा आहे, हेही सांगावे. दहा वर्षांच्या मुलीची हाडे अजून वाढत असतात. खांद्याच्या पुढच्या भागात, कोपरात किंवा पाठीत दुखू लागल्यास फेक त्याच दिवशी थांबवावी. दुखणे टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. शेक देऊन पुन्हा खेळावयास लावणे योग्य नव्हे.

सरावापूर्वी पाच मिनिटे धावणे, हात सावकाश फिरविणे आणि हलक्या फेकी करणे आवश्यक आहे. समोर झेलणाऱ्याने तोंडावर जाळीचा मुखवटा घालावा. तो नसेल तर मोज्याच्या चेंडूवरच सराव करावा. बॅट घेऊन कोणी समोर उभे राहणार असेल तर तिच्या डोक्यावर शिरस्त्राण असल्याखेरीज खरा चेंडू टाकू नये.

वडिलांनी काय करावे

शिक्षकाने वडिलांना शाळेत बोलावून दहा मिनिटे सराव पाहावयास लावावा. त्यांना आज्ञा देणाऱ्याच्या जागेवरून उठवून झेलणाऱ्याच्या जागेवर बसवावे, हाच त्यातील मुख्य हेतू. उपड्या खोक्यावर बसून हातमोजा छातीसमोर स्थिर धरावा, आलेला चेंडू झेलावा, परत द्यावा, आणि चिंचोके मोजावेत. एवढे त्यांनी केले तरी निम्मे शिक्षण झाले. दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाला बसून करावयाचे काम मिळते, आणि मुलीला आपल्याकडे पाहणारा, पण आपल्यावर न ओरडणारा माणूस मिळतो.

प्रत्येक सरावाच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न न चुकता विचारावा : “कुठं दुखतंय का, बाळ?” आणि “हो” असे उत्तर आल्यास रागावू नये, खेळ बंद करण्याची धमकी देऊ नये. दुखले असे सांगितल्यावर दोन दिवस विश्रांती मिळते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू हाती येतो, हा अनुभव एकदा आला की मुलगी दुखणे लपवीत नाही. खांदा वाचतो तो या विश्वासामुळे.

आई, आजी किंवा मोठा भाऊ झेलावयास बसला तरी नियम हेच. पालक मुळीच मोकळे नसतील तेथे दोन मुलींची जोडी लावावी. एकीने फेकावे, दुसरीने झेलावे व मोजावे आणि नंतर जागा बदलाव्यात.

शाळेने काय करावे

तुर्भ्यात जागेची टंचाई आहे. खेड्यातील शाळेत जागा असते, पण साहित्य नसते. दोन्ही ठिकाणी उपाय निघतो. फेकीच्या सरावास पूर्ण मैदान लागत नाही. १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी सपाट पट्टी व तिच्या टोकाला एक भिंत पुरते. भिंतीवर चुन्याने मुलीच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीचा चौकोन काढावा. त्याची रुंदी होम प्लेटइतकी, म्हणजे १७ इंच ठेवावी. हेच तिचे लक्ष्य. पाटी म्हणून २४ इंच लांब व ६ इंच रुंद अशी चुन्याची आकृती पुरे. उंच फळी ठेवू नये, पाय मुरगळतो.

प्रत्येक मुलीच्या नावे वहीचे एक पान ठेवून तारीख, पायरी, अंतर, फेकींची संख्या आणि दुखल्याची नोंद अशा पाच रकाने आखावेत. महिनाअखेर ते पान वडिलांना दाखवावे. अक्षरओळख नसलेल्या पालकालाही चढत जाणारे आकडे समजतात. गणिताच्या तासाला याच आकड्यांवरून मुलींकडून सरासरी व शेकडेवारी काढून घेता येईल.

संघात एकच पिचर ठेवू नये. तीन-चार मुलींना फेक शिकविली म्हणजे एकीच्या खांद्यावर सारा भार पडत नाही, आणि एक मुलगी आजारी पडली अथवा गावी गेली तरी संघ अडत नाही.

बाराव्या-तेराव्या वर्षी अनेक मुली खेळ सोडतात. त्यावेळी घरातून पाठिंबा लागतो, आणि तो आयत्या वेळी मागून मिळत नाही. जे वडील तिच्या दहाव्या वर्षापासून उपड्या खोक्यावर बसून तिचे चेंडू झेलत आले, त्यांना तिचा खेळ परका वाटत नाही. तिला मैदानावर पाठवावे की नाही, हा प्रश्नच त्या घरात सहसा निघत नाही. म्हणून फेक शिकविताना शिक्षकाने मुलीच्या हाताइतकेच लक्ष समोर बसणाऱ्या माणसाकडे द्यावे. उद्याच्या खेळाच्या तासाला आरंभ करण्यासाठी एक भिंत, एक मोज्याचा चेंडू आणि ४० चिंचोके एवढे साहित्य पुरेसे आहे.